सक्ती नेमकी कोणाची?

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना इंग्रजीत पत्र लिहिताना मी एकदा ‘यू मस्ट रीड धिस रिपोर्ट’ असे लिहून गेलो. अहवाल त्यांच्या नजरेखालून जावा, एवढाच माझा आग्रह होता. त्यांना मात्र त्यात हुकूम दिसला आणि उत्तर आले ते एका कोरड्या ओळीचे.

‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ या दोहोंचा अर्थ ‘पाहिजे’, असे मी शाळेत घोकले होते. खरे तर ‘मस्ट’मधली सक्ती बहुधा बोलणाऱ्याच्या मनातून निघते, तर ‘हॅव टू’मधली नियमातून, वेळापत्रकातून किंवा परिस्थितीतून येते. ‘आय मस्ट स्टॉप स्मोकिंग’ म्हणणाऱ्याने स्वतःशी काही ठरवलेले असते. ‘आय हॅव टू’ म्हणणाऱ्याला बहुधा डॉक्टरांनी बजावलेले असते. म्हणूनच ‘यू मस्ट कम’ हे निमंत्रणात लोभस वाटते आणि वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात उद्धट, कारण दोन्हीकडे इच्छा बोलणाऱ्याचीच असते. आपणही ‘जायला हवे’ आणि ‘जावे लागते’ यांत असाच काहीसा भेद न शिकवता पाळतो.

नकार आला की मात्र ही शेजारची क्रियापदे एकदम दोन टोकांना जातात. ‘यू मस्ट नॉट गो’ म्हणजे जाता कामा नये. ‘यू डोन्ट हॅव टू गो’ म्हणजे जाण्याची गरज नाही, गेलात तरी हरकत नाही. भूतकाळात तर सक्तीसाठी ‘मस्ट’ सहसा चालतच नाही, दोघांचेही काम ‘हॅड टू’ करते आणि सक्ती कोणाची होती हा प्रश्नच पुसला जातो. (गंमत म्हणजे ‘मस्ट’ हे मुळात एका जुन्या क्रियापदाचे भूतकाळी रूप आहे.)

‘शुड’ आणि ‘ऑट टू’ यांतला फरक इतका तलम आहे की रोजच्या बोलण्यात त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. दोन्हींच्या मुळाशी ‘देणे लागणे’ हाच अर्थ आहे, एवढे मात्र मला आवडते. ‘मस्ट’ आणि ‘शुड’ यांची गल्लत मात्र महागात पडू शकते. इंटरनेटची तांत्रिक मानके लिहिणाऱ्यांनी १९९७ साली आरएफसी २११९ या टिपणात त्यांच्या व्याख्याच ठरवून टाकल्या: ‘मस्ट’ म्हणजे निरपवाद अट, ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल तर बाजूला ठेवता येईल, पण परिणामांचा पूर्ण विचार करूनच. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांच्या दिवाणी कार्यपद्धतीचे नियम २००७ मध्ये नव्याने लिहिले गेले, तेव्हा संदिग्ध ठरलेले ‘शॅल’ काढून त्या जागी संदर्भानुसार ‘मस्ट’, ‘मे’ किंवा ‘शुड’ घालण्यात आले.

पुढच्या पत्रात मी शहाणपणाने ‘यू माइट लाइक टू रीड धिस’ असे लिहिले. सहकाऱ्यांनी ‘माइट’चा पूर्ण मान राखला आणि तो अहवाल वाचलाच नाही.