बार्ब घोडा ही अरबी घोड्याची शाखा नव्हे

उत्तम घोडा म्हणजे अरबी घोडा, हे समीकरण आपल्या मनात इतके घट्ट बसलेले असते की मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशियातला बार्ब घोडाही अरबांनीच तिकडे नेला असणार, असे मीही बरीच वर्षे धरून चालले होते. रोममधल्या सम्राट ट्रेजनच्या स्तंभाची छायाचित्रे बारकाईने पाहिली आणि हा समज गळून पडला. इ.स. ११३ मध्ये पूर्ण झालेल्या या स्तंभावर उत्तर आफ्रिकेतले मूर घोडेस्वार कोरलेले आहेत. पिळदार बटांचे हे स्वार घोड्याच्या उघड्या पाठीवर बसले आहेत. खोगीर नाही, लगाम नाही, घोड्याच्या गळ्यात फक्त एक दोर. अरबांच्या फौजा या प्रदेशात आल्या त्या सातव्या शतकात, म्हणजे या शिल्पानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी.

आणखी मागे गेले तर इ.स.पू. २१६ मध्ये इटलीतल्या कॅनी येथे रोमविरुद्ध, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या बाजूने लढलेले नुमिडियन घोडदळ याच भूमीतले होते, इ.स.पू. २०२ मध्ये झामा येथे राजा मॅसिनिसा आपले नुमिडियन स्वार घेऊन रोमनांच्या बाजूने उतरला आणि हॅनिबलचा पराभव झाला. भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की या भागातले घोडे लहानखुरे पण चपळ असून बारीकशा काठीच्या इशाऱ्यावर चालतात, आणि काही तर कुणी धरून नेले नाही तरी कुत्र्यासारखे मागोमाग येतात. घोड्याच्या स्वभावाचे इतके जिव्हाळ्याचे वर्णन जुन्या लेखनात मला क्वचितच आढळले आहे.

पुढे बार्बमध्ये अरबी रक्त मिसळले, हे खरेच आहे. १८३० मध्ये फ्रेंचांनी अल्जीरियावर स्वारी केल्यानंतर तर दोन्हींचा संकर पद्धतशीरपणे होऊ लागला आणि अरब-बार्ब नावाने तो आजही ओळखला जातो. तरीही दोघे शेजारी उभे केले तर फरक लपत नाही. अरबी घोड्याचे नाकाड मध्ये दबलेले आणि शेपटी उंच. बार्बचे नाकाड सरळ किंवा किंचित फुगीर, पुठ्ठे उतरते, शेपटी खाली बसलेली, पाठ आखूड. मोरोक्कोतल्या तबौरिदा या अश्वखेळात याच घोड्यांची रांग भरधाव येते, सगळे स्वार एकाच क्षणी बंदुकीचा बार काढतात आणि घोडे जागच्या जागी थांबतात.