बिजलीचा चातुर्मास

आमच्या बेलापूरच्या तबेल्यात सध्या एकच घोडी आहे, बिजली. पांढरीशुभ्र नुकरा, नऊ वर्षांची, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून आबांनी आणलेली. वरातीला जाते. आषाढी एकादशी झाली की मात्र चार महिने खुंट्याला. देव झोपले, मुहूर्त संपले, घोडी मोकळी. आमच्याकडे हे असंच चालत आलंय, आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला कधी वाटलं नाही.

मागच्या मार्गशीर्षात नेरुळच्या एका वरातीत पेव्हर ब्लॉकवरून तिचा मागचा पाय सटकला. नवरदेव पडला नाही, घोडीही सावरली. पण दुसऱ्या दिवशी खोगीर टाकायला गेलो तर तिने कान मागे पाडले आणि पाठ खाली दाबून घेतली. डॉक्टर मॅडम आल्या. कण्याच्या कडेने दोन बोटं दाबत नेली. खोगिराची मागची कड टेकते तिथे कातडी थरथरली. हाड शाबूत होतं, पण कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू झिजून खळगे पडले होते. "दादा, चार महिने हिला बांधून ठेवता आणि तुळशीचं लग्न लागलं की दिवसाला दोन-दोन वराती! पहिलवान तरी असा आखाड्यात उतरतो का?"

वरातीत घोडी चालते कमी, उभी राहते जास्त. डीजे अडला की तीही अडली. पाठीवर नवरदेव, त्याची तलवार, पुढ्यात भाचा. हे ओझं नुसती पाठ पेलत नाही; खालून पोटाने तिला उचलून धरावं लागतं. पोट सैल पडलं की पाठीची झोळी होते. आणखी एक गोष्ट मला चाळिशीत कळली. माणसाच्या गळ्याखाली जे आडवं हाड असतं ते घोड्याला नसतंच. पुढच्या दोन पायांच्या मध्ये छाती नुसत्या स्नायूंनी टांगलेली असते. आणि अंगाचा निम्म्याहून जास्त भार त्याच पायांवर!

म्हणून यंदाचा चातुर्मास वेगळा गेला. मांडवाचे चार बांबू जमिनीवर आडवे ठेवले, साधारण तीन-तीन फुटांवर, आणि त्यावरून तिला कदमाने, म्हणजे साध्या संथ चालीने, चालवलं. पहिल्या दिवशी प्रत्येक बांबूला टाप लागली, टक, टक, टक. नऊ वर्षांत तिला पाय उचलायची गरजच पडली नव्हती. तिसऱ्या आठवड्यात आवाज बंद झाला. मान खाली ठेवून पाच पावलं मागे चालवायचं, हेही रोज. मान वर गेली की थांबायचं, कारण मग पाठ उलटी दबते. पहाटे पाचला पारसिक हिलचा चढ, तोही कदमानेच. दुडकी नाही. चढाला मागचे पाय खरं काम करतात.

आबांना सगळ्यात हसू आलं ते गाजराचं. गाजर तोंडापुढून पुढच्या दोन पायांच्या मध्ये, गुडघ्यांपर्यंत खाली न्यायचं. ते घ्यायला ती मान दुमडते, पोट आत जातं आणि पाठ मांजरीसारखी वर येते. मग तेच गाजर बरगडीकडे, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. प्रत्येक बाजूला पाच वेळा, तिथे क्षणभर थांबवून. आमची बाई लबाड. मान वळवण्याऐवजी सगळी फिरायची. शेवटी भिंतीला लावून उभी केली. "घोडीला गाजर दाखवून तालीम? आमच्या वेळी चाबूक होता," आबा म्हणाले. चाबकाने पोट आत जात नाही आबा, मी करून पाहिलंय. म्हणजे चाबूक नव्हे, बाकी सगळं.

दिवाळीपर्यंत पाठीवरचे खळगे बरेच भरले. खोगीर आता सरकत नाही, खालची जादा घडी काढून टाकली.

एक नियम मात्र धंद्याला महागात पडतोय. खोगिरासकट घोडीच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार नको, असं मॅडमनी बजावलंय. बिजली ४०० किलोच्या आसपास. फोनवर "नवरदेवाचं वजन किती?" विचारलं की पलीकडे आधी शांतता, मग हसू, मग राग. परवा वाशीहून एकाने ९८ सांगितलं. मी सुपारी घेतली नाही. पलीकडून ऐकू आलं, "आई, घोडीवाला मला जाडा म्हणतोय."

उजवीकडे वळायला ती अजून कुरकुरते. मॅडमचा संशय आमच्यावरच आहे. घोडं नेहमी डाव्या अंगाने धरून चालवायचं ही रीत, त्यामुळे नऊ वर्षं तिची मान आमच्याकडेच ओढलेली. आता तबेल्यापासून चढापर्यंत उजवीकडून धरून नेतो. आबा लगाम घ्यायला आले की मात्र अजून डावीकडेच जाऊन उभे राहतात. बिजलीही मान तिकडेच वळवते.