गालाला गार लागलेली टाइल

सोमवारी सकाळी भट्टीचं दार उघडलं तेव्हा वरच्या फळीवर एका टाइलच्या जागी कपच्यांचा ढीग होता. 43 पैकी एकच फुटली होती. शेजारच्या दोघींच्या कडा जरा उडाल्या होत्या, पण त्या बसवण्याजोग्या होत्या. फुटलेली कुणाची, हे कपचे जुळवून वाचायची गरज नव्हती. मला शनिवारीच माहीत होतं.

पुरात गेलेल्या माणसांची ही स्मृतिभिंत. प्रत्येक घराने आपल्या माणसाची टाइल स्वतःच्या हाताने करायची आणि मी माती, भाजणं आणि बसवणं बघायचं, असं ठरलेलं. भिंत पालिकेची, भट्टी एका कला महाविद्यालयाची, सिमेंट व्यापाऱ्यांचं आणि माती मळायला शाळेची मुलं. कागदोपत्री याला स्थानिक भागीदारी म्हणतात. प्रत्यक्षात किल्ल्या चार जणांकडे असतात आणि पाच वर्षांनी एखादी टाइल निखळली तर ती कोण बसवणार, हे करारात कुठेच नसतं. सगळ्यात भरवशाची निघाली ती मुलं. ज्यांनी सगळ्यात कमी दिलं, त्यांना फलकावर सगळ्यात मोठं नाव हवं होतं.

पहिली खडाजंगी नावांवरून झाली. पालिकेची यादी आडनावांच्या क्रमाने होती. मी बैठकीत व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या वॉशिंग्टनमधल्या स्मारकाचं सांगितलं. 1982 सालचं, माया लिनने कल्पिलेलं. तिथे 58 हजारांवर नावं आहेत, पण अक्षरक्रमाने नाहीत. ज्या दिवशी माणूस गेला त्या दिवसाच्या क्रमाने आहेत, म्हणजे एकत्र गेलेले एकत्र राहतात. हे पटलं. एका घरातली माणसं शेजारी शेजारी आली. मग मी एड्सने गेलेल्यांसाठी 1987 मध्ये सुरू झालेल्या गोधडीचं सांगितलं. प्रत्येक तुकडा 3 बाय 6 फुटांचा, सगळ्यांना माप एकच, आत काय लिहायचं ते जवळच्या माणसांनी ठरवायचं. हे मात्र पटलं नाही. ‘रेकॉर्डशी नाव जुळलं पाहिजे, मॅडम,’ समितीतले एक सद्गृहस्थ म्हणाले. त्यांच्या हातातली ती यादी शेवटपर्यंत खाली ठेवलेली मी पाहिली नाही.

टाइल करायला आलेल्या एका काकूंनी पुरात गेलेल्या मुलाचं घरातलं दोन अक्षरी नाव कोरलं होतं. सद्गृहस्थांनी मागून वाकून यादी दाखवली. काकूंनी बोट पाण्यात बुडवलं, नाव पुसलं आणि यादीतलं पूर्ण नाव लिहिलं. बघितलं. परत पुसलं. असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी यादीतलंच राहिलं. तोवर टाइलचा मधला भाग लोण्यासारखा मऊ झाला होता. मी तिथेच उभी होते. ना त्यांना थांबवलं, ना त्या गृहस्थांना.

मातीत हवा राहिली की भांडं फुटतं, असं लोक समजतात. फोडते ती हवा नाही, पाणी. 100 अंशांवर त्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या जवळपास सोळाशे पट जागा लागते. वाट मिळाली नाही तर ती माती फोडून निघते. म्हणून भट्टी भरताना आम्ही प्रत्येक नग गालाला लावतो. बोटांना कळत नाही ते गालाला कळतं: गार लागला तर आत ओल आहे. शंका असली तर भट्टी रात्रभर 80-90 अंशांवर, दार किलकिलं ठेवून, नुसती तापत ठेवायची. पुढे 573 अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ नावाचं खनिज रचना बदलतं, तिथे चढताना आणि उतरतानाही घाई चालत नाही. हजारावर पोचून थंड व्हायला एक दिवस सहज जातो. आणि भट्टी आम्हाला मिळाली होती शनिवार दुपार ते सोमवार सकाळ, कारण सोमवारी वर्ग. त्या हिशेबात रात्रभराची ऊब बसत नव्हती. अनावरणाची तारीख प्रमुख पाहुण्यांच्या सोयीने आधीच ठरलेली. पाहुण्याला तारीख देताना मातीला कुणी विचारत नाही.

बेचाळीस टाइल गालाला लावल्या, ठीक होत्या. काकूंची गार लागली. मी ती दोनदा लावून पाहिली. मग वरच्या फळीवर ठेवली.

सोमवारी काकू आल्या. त्यांनी कपचे हातात घेतले, उलटसुलट केले.

‘ताई, मी पाणी फार लावलं का?’

‘नाही हो काकू. भट्टीत होतं असं कधीकधी.’

खरं उत्तर ‘हो’ही होतं आणि ‘मला कळलं होतं’ हेही होतं. त्यातलं एकही मी दिलं नाही. आता दिलं तर त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल की वाढेल, हे मला ठरवता येत नाही.

नवी टाइल त्यांनी माझ्याकडेच येऊन केली. समितीला मी कळवलं नाही. त्यांनी बोट पाण्याला लावलंच नाही. दोन अक्षरं एका दमात कोरली आणि कोरणी खाली ठेवली. ती टाइल कागदात गुंडाळून, दोन फळ्यांमध्ये दाबून, रोज उलटी करत मी तीन आठवडे वाळवली.

अनावरण मधेच झालं. भिंतीवर एक चौकोन मोकळा होता. पाहुण्यांनी बोट दाखवून विचारलं, ‘ही राहिली का?’

‘वाळतेय,’ मी म्हणाले.

मागे सद्गृहस्थ यादी उघडून तो कुणाचा चौकोन ते शोधत होते.