बेसच्या नव्या खुंट्या

आजचा सुट्टीचा दिवस माझ्या स्वस्तातल्या बेस गिटारच्या खुंट्या बदलण्यात गेला आणि तो सार्थकी लागला. गेले काही महिने सर्वांत जाड असलेली ई तार दोन गाणी होईपर्यंत उतरत असे, आणि खुंटी उलट फिरवली की ती पाव फेरा नुसतीच पोकळ फिरे. आधी मी तारेला दोष दिला, मग नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत पेन्सिलीचे शिसे घासून पाहिले; झीज मात्र गिअरच्या दात्यांत होती.

नवा संच २० ला १ गुणोत्तराचा आहे, म्हणजे खुंटीचे २० फेरे झाले की तार ज्यावर गुंडाळली जाते तो दांडा एकदा फिरतो आणि सूर बारकाईने लावता येतो. दांड्याची छिद्रे जुळली, पण स्क्रूची भोके जुळेनात. म्हणून जुन्या भोकांत गोंद लावून टूथपिक ठोकल्या, सुकल्यावर त्या कापून सपाट केल्या आणि नवी भोके पाडताना खोलीचा अंदाज राहावा म्हणून ड्रिल बिटला चिकटपट्टी गुंडाळली. इतक्या बारीक स्क्रूंना आधी मेण लावावेच, नाहीतर डोके तुटून उरलेला भाग लाकडात अडकतो.

संध्याकाळी तार खालून वर चढवत सुरात आणली. तासभर वाजवून ट्यूनर पाहिला, तेव्हा काटा मध्यावरच होता.