पत्ता कोणता येतोय?

बायोसचं (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं) अपडेट चालू असताना लाइट गेली आणि मावसभावाचा लॅपटॉप बसला. नाशिकच्या सिडकोत पावसाळ्यात लाइट जाण्यात नवल नाही, पण याची बॅटरीही केव्हाच मेलेली. पंखा फिरायचा, स्क्रीन काळी ती काळीच. माझ्याकडे सीएच३४१ए प्रोग्रामर, म्हणजे चिपमधला डेटा वाचायचं-लिहायचं छोटं यंत्र, आणि ते चिपला जोडायची आठ पायांची क्लिप होती. "तासाभराचं काम आहे," असं मावशीला सांगून बसलो, आणि चार संध्याकाळी गेल्या.

बायोस ज्यात असतो ती फ्लॅश चिप विनबाँडची डब्ल्यू२५क्यू६४, ८ एमबीची. त्याच मॉडेलच्या चालू लॅपटॉपमधून बायोसची फाइल काढून आणली. जुना डेटा एकदाच रीड करून ठेवला (हे पुढे नडलं), मग इरेज (पुसणं), प्रोग्राम (नवं लिहिणं), व्हेरिफाय (लिहिलेलं फाइलशी जुळतं का ते बघणं). एरर. परत केलं, परत एरर. चिपच गेली म्हणून नवी मागवायला निघालो होतो.

सातपूर एमआयडीसीत उभी हयात काढलेले एक काका ओळखीचे आहेत. त्यांना फोन लावला.

"एरर आला ते कळलं रे. पत्ता कोणता येतो?"

पत्ता म्हणजे चिपमध्ये कुठल्या जागी चूक सापडली तो आकडा. तो मी बघितलाच नव्हता.

"चार-पाचदा व्हेरिफाय कर, कागदावर लिही, मग बोल."

दर वेळी पत्ता वेगळा. "मग चिपला कशाला शिव्या देतोस? तीच खराब असती तर पत्ता तोच तोच आला असता. कॉन्टॅक्ट बघ." भिंगातून पाहिलं तर चिपच्या पायांवर वार्निशचा पिवळट थर. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुना टूथब्रश घेऊन घासलं, मधली लांब वायर काढून टाकली. आता दोनदा रीड केलं की दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या. पहिला बॅकअप म्हणजे निव्वळ कचरा होता, हेही तेव्हाच कळलं.

व्हेरिफाय मात्र अजून फेल, पण आता दर वेळी त्याच पत्त्यावर. फाइलमध्ये ५ए, चिपमध्ये १८ (दोन्ही हेक्समधले, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीतले आकडे). कागदावर बायनरीत, म्हणजे एक-शून्यात, मांडलं तेव्हा डोक्यात उजेड पडला: काही बिट एकाचे शून्य झालेले, शून्याचा एक कुठेच नाही. फ्लॅशमध्ये प्रोग्राम करताना एकाचं शून्य करता येतं, उलटं फक्त इरेजने होतं. म्हणजे इरेज होतच नव्हतं! आणि खरंच, माझं इरेज क्षणात संपायचं. डेटाशीटमध्ये पूर्ण चिपला साधारण २० सेकंद दिलेत.

चिपचं स्टेटस रजिस्टर, म्हणजे तिची सेटिंग ठेवणारा छोटा कप्पा, वाचलं: ०सी. बीपी० आणि बीपी१ हे प्रोटेक्शनचे दोन बिट चढलेले. त्यांनी कुलूप फक्त शेवटच्या ५१२ केबीला लागतं, पण एवढासा भाग जरी बंद असला तरी ही चिप पूर्ण इरेजची कमांड गुपचूप गिळून टाकते. एरर नाही, काही नाही.

रजिस्टरमध्ये ०० लिहिलं. या वेळी इरेज चांगलं रेंगाळलं, ब्लँक चेकला सगळीकडे एफएफ (म्हणजे सगळे बिट एक), आणि व्हेरिफाय पहिल्या झटक्यात पास.

लॅपटॉप चालू झालाय. बायोसमध्ये सिरीयल नंबर मात्र फाइलवाल्या लॅपटॉपचा दिसतो. खालच्या स्टिकरवरचा नंबर घालायचा राहिलाय. मावसभावाने अजून पाहिलेलं नाही.