गटकार्याची शीट आणि मुलीचा आधार क्रमांक : माझा अनुभव

शाळेच्या एखाद्या शीटमधून मुलाची माहिती काढायची असेल, तर फाइल कोणाच्या खात्यावर आहे हे आधी विचारा. माझे कितीतरी दिवस या एकाच प्रश्नापायी गेले.

आम्ही अमळनेर तालुक्यातले. मुलगी नववीत. बोरी नदीच्या पाण्यावर दोन-तीन शाळांच्या मुलांचा मिळून प्रकल्प होता, सगळ्यांच्या नोंदी एकाच गुगल शीटमध्ये. मुलं मनापासून करत होती. पण त्याच फाइलच्या दुसऱ्या टॅबवर गटांची यादी: नाव, जन्मतारीख, आईचा मोबाइल आणि अख्खा १२ आकडी आधार. शेअरिंग ‘लिंक असलेले कोणीही’. लिंक व्हॉट्सअॅपवरून गावभर फिरलेली.

एके दुपारी मला फोन आला. मुलीचं नाव, इयत्ता बरोबर सांगून तो माणूस म्हणाला, शिष्यवृत्ती मंजूर झालीय, ओटीपी सांगा. मी फोन कापला. माहिती याच शीटमधून गेली असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण ती तिथे उघडी पडली होती, एवढं खरं.

शाळेच्या ऑफिसात गेले. क्लार्कभाऊ म्हणाले, “ताई, काय व्हस त्याले? पोरेस्ना अभ्यासच शे ना तो.” शीट बनवणारे सर तासिका तत्त्वावर होते, ते सोडून गेलेले. त्यांचं खातं शाळेचं, पण पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, कॉम्प्युटरवाल्याला विचारा. तो म्हणे, शाळेचं पत्र आणा. शाळा म्हणे, आधी तुमचा अर्ज द्या. अर्ज दिला तर आवक क्रमांक टाकणारे रजेवर. या फेऱ्यांत शीट तशीच उघडी, हे आठवलं की आजही संताप होतो. शाळेच्या खात्यांचा ॲडमिन हा कॉम्प्युटरवालाच होता. मनात आणलं असतं तर फाइलची मालकी दुसऱ्या शिक्षकांच्या नावावर करायला त्याला फार वेळ लागला नसता.

शेवटी अर्जात मी लिहिलं की २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरलाय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलीय. माझी संमती कोणी, कधी घेतली ते लेखी कळवा. त्यानंतर पत्र निघालं.

तरी संपलं नाही. “झालं ताई,” म्हणत कॉम्प्युटरवाल्याने आधारचा रकाना नुसता लपवला होता. मी त्याच्यासमोरच माझ्या मोबाइलवर शीटची कॉपी केली, रकाना उघडला, सगळे आकडे जसेच्या तसे. मग त्याने रकाना डिलीट केला. पण ज्यांना एडिटचा हक्क आहे, त्यांना आवृत्ती इतिहासात जुनी शीट दिसतेच. म्हणून पाण्याच्या नोंदी नव्या फाइलमध्ये घ्यायला लावल्या, जुनी फाइल काढायला लावली आणि ट्रॅशही तिथल्या तिथे रिकामा करून घेतला. नाहीतर फाइल ३० दिवस ट्रॅशमध्ये पडून राहते आणि तोवर शेअर केलेल्यांना उघडता येते. फाइल कायमची गेल्याचं स्क्रीनवर डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. माझ्या एकटीच्या मुलीची नाही, वर्गातल्या सगळ्या मुलांची माहिती तिथून काढली गेली, याचा मला अभिमान वाटतो.

एक सांगायचं राहिलं: अर्जाची पोच सही-शिक्क्यानिशी घ्याच. आणि आधार मागितलाच, तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढून द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. व्हॉट्सअॅपच्या गोपनीयतेत ‘गटात कोण जोडू शकतं’ तिथे ‘माझे संपर्क’ ठेवा. फसवणुकीत पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा.

नव्या शीटमध्ये आता पाण्याच्या नोंदींबरोबर मुलांची नावं आणि गट क्रमांक एवढंच आहे, आणि ती फक्त मुलांच्या शाळेच्या खात्यांनाच उघडते. प्रकल्पाचं त्यात काहीही अडलेलं नाही.