गोदीच्या वाटेने: पुणे स्टेशन ते आर्यन

लोणावळ्याहून सकाळची लोकल पकडली तेव्हा भाचीच्या दप्तरात वह्यापुस्तकांऐवजी पत्र्याचा गोल डबा होता आणि डब्यात अडीच किलो ज्वारी.

मी मुलांसाठी एक साहसी कादंबरी लिहितेय. काळ मूकपटांचा, साल 1917. नायिका गोदी अकरा वर्षांची, तिचे वडील पुण्याच्या आर्यन थिएटरात सिनेमा दाखवायचं मशीन फिरवतात. चार रिळांचा चित्रपट मुंबईहून यायचा आहे. तीन रिळं पोचलीत, चौथं मागच्या गाडीने येतंय आणि ती गाडी उशिरा आली आहे. इकडे खेळ सुरू झाला, तिकडे गोदी डबा काखोटीला मारून स्टेशनातून निघाली. एवढं वाचून भाचीने विचारलं, "मावशी, पण ती पोचेल का? तू चालून बघितलंस?"

नव्हतं बघितलं. म्हणून हा प्रवास.

गाडीत आम्ही आधी हिशेब मांडला. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात 16 चौकटी, म्हणजे 16 चित्रं बसतात. मूकपट साधारण सेकंदाला 16 चौकटींच्या वेगाने दाखवत, म्हणजे एक फूट एक सेकंद. हजार फुटी रीळ सोळा-सतरा मिनिटांचं. तीन रिळं, 50 मिनिटं. मशीन एकच असल्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या रिळानंतर दिवे लावून पुढचं रीळ चढवायचं, त्याची तीन-तीन मिनिटं धरली. गोदीच्या हातात एकूण 56 मिनिटं.

मळवली आलं तशी भाचीला खिडकीशी बसवलं. राजा रविवर्म्यांचा छापखाना इथे होता. पुढे सिनेमाकडे वळलेल्या दादासाहेब फाळक्यांनी त्या छापखान्यासाठी काम केलंय. आपल्या सिनेमाचा एक धागा माझ्या रोजच्या लोकलच्या वाटेवर आहे, याचं मला फार अप्रूप आहे.

"एवढ्याशा मुलीवर एवढं काम कोण सोपवेल?" असं कादंबरीबद्दल मला एकदोघांनी विचारलंय. पण आपल्या सिनेमात मुलं पहिल्या दिवसापासून आहेत. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदास झाला तो फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. 1919 च्या 'कालिया मर्दन'मधला कृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी, वय वर्षं सात. त्यांची पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायच्या. घरातली लहानथोर सगळीच जिथे राबत होती, तिथे माझी गोदी डबा घेऊन धावली तर त्यात नवल ते काय?

पुणे स्टेशनात उतरलो आणि पोर्चमध्येच पहिली चूक सापडली. मी गोदीला या दगडी कमानींखालून बाहेर काढलं होतं, आणि ही इमारत 1925 ची. ते पान तिथेच खोडलं. ससून रुग्णालय मात्र तेव्हाही होतं, त्यामुळे घड्याळ लावून ससूनच्या बाजूने निघालो.

सोमवार पेठेपर्यंत भाची उत्साहात होती. दारूवाला पुलावर तिने डबा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला आणि म्हणाली, "पत्रा रुततोय." हे मला घरी बसून कधीच सुचलं नसतं. तिच्या कोपराच्या वर डब्याच्या काठाचा लाल वळ उठला होता, अर्धगोल, नखाने कोरल्यासारखा. आता गोदीच्याही हातावर तो असणार आहे. फडके हौद, सोन्या मारुती, मग गर्दीतून वाट काढत मंडई.

1886 मध्ये बांधून झालेली मंडईची ती अष्टकोनी दगडी इमारत गोदीनेही पाहिली असेल, त्यामुळे तिथे घटकाभर थांबलो. मटारचे हिरवेगार ढीग लागले होते. भाचीने एक शेंग सोलून दाणे तोंडात टाकले, तेव्हा तिला 'अंकुराची वाढ'ची गोष्ट सांगितली. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसेंदिवस एकेक चौकट करत टिपली होती, आणि पडद्यावर ते रोप झरझर वर आलं. तिने उरलेले दाणे खाल्ले नाहीत, खिशात ठेवले.

आर्यन इथलंच, मंडईजवळचं. गंगाधरपंत पाठकांनी 1915 मध्ये सुरू केलेलं पुण्यातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह. आता तिथे महापालिकेचं वाहनतळ आहे, आर्यनचं नाव तेवढं लोकांच्या तोंडी राहिलंय. फाळक्यांच्या 'लंकादहन'च्या वेळी पुण्यात गर्दीने दारं मोडायची वेळ आली होती, असं सांगतात. मी स्कूटरींच्या रांगांमध्ये उभी राहून ती गर्दी, पडद्याशेजारची पेटी, तबला हे सगळं ऐकायचा प्रयत्न करत होते.

घड्याळ 61 मिनिटं दाखवत होतं. पाच मिनिटं कमी पडली. भाचीचा चेहरा उतरला.

आणि मग तीच म्हणाली, "मशीन हातानेच फिरवायचे ना? बाबांनी सावकाश फिरवलं तर?"

मी तिथेच वहीत आकडे मांडले. सेकंदाला 16 ऐवजी 14 चौकटी घेतल्या तर 50 मिनिटांची 57 होतात. सात मिनिटं मिळतात! पडद्यावरची माणसं जरा जड पावलांनी चालतील, एवढंच. पण ती फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. दिव्यासमोर ती जितकी रेंगाळेल तितकी तापणार, आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. मुलीसाठी बाप हात सावकाश करतोय, आणि हात सावकाश केला म्हणून सगळं थिएटर धोक्यात येतंय.

भाचीने डबा कठड्यावर ठेवला आणि हवेत हँडल फिरवू लागली. नेहमीचे सेकंदाला दोन फेरे, मग त्याहून थोडे कमी. तेवढं थोडं कमी हाताला सापडत नव्हतं. सारखा वेग वाढायचा, मग ती थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

परतीच्या लोकलमध्ये ते प्रकरण लिहायला घेतलं. मळवली मागे पडलं तेव्हा गोदी फडके हौदापाशी पोचली होती.